घरातील वाळवी, मुंग्या आणि घुण: औषध आणण्यापूर्वी काय पाहावे आणि नंतर काय करावे

जूनमध्ये सोलापुरात पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्याच संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे जमतात आणि सकाळी खिडकीखाली व उंबरठ्यापाशी त्यांच्या गळलेल्या पंखांचा केर पडलेला असतो. हा केर भरण्यापूर्वी त्यातील चार-सहा पंख आणि सापडल्यास एखादा किडा पांढऱ्या कागदावर घ्यावा, कारण आसपास कोणाची वसाहत आहे हे इतक्या स्पष्टपणे कळण्याची संधी वर्षातून क्वचितच मिळते. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर अगदी बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतील तर त्या मुंग्या. बाहेरच्या दिव्याकडे आलेली वाळवी शेजारच्या मोकळ्या जागेतूनही आलेली असू शकते, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र दारेखिडक्या बंद असलेल्या खोलीत पंख सापडले, किंवा फरशीच्या सांध्यातून अथवा चौकटीच्या कडेतून किडे बाहेर पडताना दिसले, तर वसाहत घराखाली किंवा भिंतीला लागून आहे असे समजून कामाला लागावे.

जुने घर विकत घेतलेल्या, भाड्याने घेतलेल्या किंवा सदनिकेत पहिल्यांदाच संसार मांडलेल्या माणसाला या विषयातील एकच गोष्ट आधी पक्की समजली पाहिजे, ती अशी की कीड जेथे दिसते तेथे ती बहुतेक वेळा राहत नाही. वाळवीची वसाहत जमिनीत असते आणि आपली चौकट ही तिची केवळ चरण्याची जागा असते. ओट्यावर दिसणाऱ्या मुंग्याही भिंतीतल्या किंवा अंगणातल्या बिळातून चारा नेण्यासाठी आलेल्या असतात. घुणाचे मात्र उलटे आहे. त्याची अळी लाकडातच वाढते, लाकूड हेच तिचे घर असते आणि जमिनीशी तिचा काहीही संबंध नसतो. म्हणूनच वाळवीसाठी लाकडावर फवारणे आणि घुणासाठी फरशीला भोके पाडणे या दोन्हींत पैसा वाया जातो, आणि दुर्दैवाने दोन्ही प्रकार सर्रास होताना दिसतात.

पहिली पायरी: ओळख

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत असली तरी ती मुंगीच्या कुळातली नसून झुरळाच्या जवळची आहे. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, त्यामुळे ती जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची बंद नळी बांधून तिच्या आतून ये-जा करते. वरचा रंग किंवा पॉलिश ती शाबूत ठेवते आणि आतले लाकूड रेषेच्या दिशेने खात जाते. त्यामुळे चौकट बाहेरून धडधाकट दिसते, पण बोटाच्या पेराने ठोकल्यास पोकळ वाजते आणि पेचकस टेकवला की आत जातो. आत माती सापडली तर वाळवीबद्दल शंका उरत नाही.

घुणाचे लक्षण म्हणजे भुसा. सुतार यालाच भुंगा लागला असेही म्हणतात. पलंगाखाली किंवा बांबूच्या सुपाखाली मैद्यासारखी पिवळसर भुकटी पडते आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात. मातीचा कोठेही लवलेश नसतो. ही भोके किडा आत शिरल्याची नसून वाढ पूर्ण करून बाहेर पडल्याची असतात, म्हणून केवळ भोके पाहून कीड चालू आहे असा निष्कर्ष काढू नये. जागा झाडून पुसून तेथे काळा कागद ठेवावा, असलेल्या भोकांभोवती पेन्सिलीने गोल काढावेत आणि उन्हाळ्याचे व पावसाळ्याचे काही आठवडे पाहावे. नवा भुसा किंवा नवे भोक दिसले नाही तर उपद्रव बहुधा संपलेला आहे.

सोलापुरातील घरांत एक गैरसमज नेहमी होतो. शहाबादी फरशीच्या सांध्यातून बारीक रवाळ मातीचा ढीग वर आला की वाळवी आली असे समजून लोक धावपळ करतात. सुटी, दाणेदार आणि फुंकरीने उडणारी ती माती मुंग्यांनी बीळ कोरताना वर टाकलेली असते, तर वाळवीची माती चिकटून राहणारी आणि छतासारखी झाकणारी असते. उलट, ज्या वारुळाची नागपंचमीला पूजा होते आणि जे मुंग्यांचे म्हणून ओळखले जाते, ते बांधणारी बहुधा वाळवीच असते. मोठे काळे मुंगळे किंवा डोंगळे लाकडावर फिरताना दिसले तरी आपल्याकडे ते सहसा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत राहतात आणि चांगले लाकूड खात नाहीत. वाळवी हे कित्येक मुंग्यांचे भक्ष्य आहे, म्हणून अंगणातील प्रत्येक बीळ मारण्याचा खटाटोप मला योग्य वाटत नाही.

दुसरी पायरी: घर फिरून पाहणे

हातात विजेरी, पेचकस आणि पेन्सिल घेऊन एक संपूर्ण सकाळ यासाठी द्यावी. सुरुवात बाहेरून, जोत्यापासून करावी. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, तेव्हा जमीन आणि जोते यांच्यामध्ये फट उघडते. या फटीतून वाळवी कोणाच्या नजरेस न पडता थेट भिंतीच्या पोटात शिरते. जोत्याला टेकून ठेवलेले जळण, गोवऱ्या, जुन्या फळ्या आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत रचलेली कडब्याची गंज हे सर्व तिला आयते खाद्य असते. भिंतीपासून किमान हातभर दूर आणि दगड-विटांवर उचलून रचल्यास निदान नळी बांधताना ती आपल्याला दिसते.

आत आल्यावर चौकटींचे पाय पाहावेत, विशेषतः न्हाणीघराच्या दाराची चौकट, कारण घरातील वाळवी पहिल्यांदा बहुधा तेथेच सापडते. त्यानंतर फडताळे, भिंतीला चिकटवून ठेवलेली कपाटे, देवांच्या तसबिरींची मागची बाजू, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके आणि विजेच्या तारांची जुनी लाकडी पट्टी पाहावी. कागदात आणि सुतात असलेला सेल्युलोज हाच वाळवीचा आहार असल्यामुळे ट्रंकेखाली बांधून ठेवलेल्या चादरी आणि टॉवेलही तिच्यापासून सुरक्षित नसतात. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील ज्या घरांत अजून खड्ड्याचा हातमाग उभा आहे, तेथे जमिनीत गाडलेले मागाचे खांब आणि शेजारी रचलेल्या सुताच्या लडी आधी तपासाव्यात.

जुन्या माळवदाच्या घरांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. अशा घरात पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा बारीक लाकडे आणि त्यांवर मातीचा जाड थर असतो. म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंत माती आणि लाकूड एकमेकांना लागून जातात आणि वाळवीला उघड्यावर नळी बांधण्याची गरजच उरत नाही. तुळईचे मधले अंग चांगले असते आणि भिंतीत गाडलेली दोन्ही टोके खाल्लेली असतात, असे अनेकदा आढळते. म्हणून शिडी लावून भिंतीला लागूनच ठोकून पाहावे आणि पेचकस तेथेच टोचावा. पेचकस सहज आत गेला, तुळई वाकलेली दिसली किंवा तिच्या टोकाखाली भिंतीचा भुगा पडत असेल, तर कीडनाशकाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी खाली टेकू द्यावा, त्या खोलीत झोपणे थांबवावे आणि अशा घरांचा अनुभव असलेल्या सुताराला व बांधकाम अभियंत्याला बोलवावे. माळवदाची माती पावसात पाणी पिऊन जड होते आणि सोलापुरात सप्टेंबरमध्येही जोरदार पाऊस पडतो, त्यामुळे ही दुरुस्ती पावसाळ्यानंतरवर ढकलणे जिवावर बेतू शकते.

कोठेही मातीची नळी सापडली तर ती लगेच संपूर्ण पुसून काढू नये. मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा तोडावा, आत पांढरे किडे दिसतात का ते पाहावे आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहावी. काही दिवसांत तुकडा पुन्हा बांधला गेला तर वाट चालू आहे, आणि औषध देणाऱ्याला ती दाखवता येते.

तिसरी पायरी: ओल तोडणे

ही पायरी बिनखर्चाची किंवा अल्पखर्चाची आहे आणि म्हणूनच बहुधा टाळली जाते. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, त्यामुळे प्रत्येक घरात हौद, टाकी, पिंपे आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात. पाणी येण्याच्या दिवशी हौद भरून वाहतो, पिंपाखालची फरशी ओली राहते आणि ते पाणी सांध्यांतून खाली मुरते. एरवी इतक्या कोरड्या गावात वाळवीला जी ओल हवी असते ती अशा रीतीने आपणच पुरवतो. टाकीला पाणी तोडणारा तरंगता कॉक बसवावा, पिंपे लाकडी दारापासून दूर आणि उताराच्या जागी ठेवावीत, न्हाणीघराच्या फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरावेत आणि छताचे पाणी नळीने जोत्यापासून लांब सोडावे.

उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर हेही एक मोठे कारण आहे. चार महिने खिडकीच्या लाकडी चौकटीवर आणि खालच्या भिंतीवर पाणी ठिबकत राहते, आणि जूनमध्ये कूलर काढला की मागे पोपडे दिसतात. कूलर लोखंडी स्टँडवर, चौकटीला स्पर्श होणार नाही असा ठेवावा.

चौथी पायरी: मुंग्या

मुंग्यांची रांग गंधाच्या खुणेवर चालते. रांग मारण्यापेक्षा ती खूण साबणाच्या पाण्याने पुसावी, फट पुटीने किंवा सिमेंटने बुजवावी आणि रात्री ओटा कोरडा व स्वच्छ ठेवावा. पूर्वी दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, ती पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे. फक्त वाटीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, अन्यथा तेथे डास होतात. हळदीची रेघ ओढल्याने मुंग्या काही वेळ वळसा घेतात, परंतु वसाहतीवर तिचा परिणाम होत नाही.

यानेही भागले नाही तर आमिष वापरावे. आधी रात्री एका कागदावर चिमूटभर गूळ आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याचे कूट ठेवून मुंग्या कशाकडे जातात ते पाहावे, कारण काही जातींना गोड हवे असते तर काहींना तेलकट. गोडाकडे जाणाऱ्यांसाठी १०० मिलिलिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवावी. कॅरमवर टाकण्यासाठी मिळणारी पावडर बहुधा हीच असते, तरी डब्यावर नाव वाचून खात्री करावी. त्यात कापसाचे बोळे भिजवून ते भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत, रांगेच्या कडेला ठेवावेत. तेलकट आवडणाऱ्यांसाठी तीच पावडर अगदी अल्प प्रमाणात कुटात मिसळावी. प्रमाण वाढवण्याचा मोह आवरावा. औषध सौम्य असले तरच कामकरी मुंग्या ते पोटात घेऊन बिळापर्यंत पोहोचतात आणि राणीला व अळ्यांना भरवतात. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील, त्यांना येऊ द्यावे, आणि एक ते तीन आठवडे धीर धरावा. डबी मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी.

आमिष ठेवलेल्या जागी स्प्रे मारू नये किंवा खडूच्या रेघा ओढू नयेत. घरात राहणाऱ्या बारीक पिवळसर मुंग्यांच्या बाबतीत तर स्प्रे अपायकारकच ठरतो, कारण त्रास झाला की त्यांची वसाहत फुटून अनेक ठिकाणी नव्याने मांडली जाते आणि एका रांगेच्या जागी चार रांगा दिसू लागतात.

पाचवी पायरी: वाळवी

आमच्या जुन्या घरात पहिल्यांदा वाळवी दिसली तेव्हा बोलावलेल्या माणसाने चौकटीवर फवारा मारला, नळ्या खरवडल्या आणि पैसे घेऊन तो गेला. पुढच्या पावसाळ्यात वाळवी दोन हात पलीकडच्या फडताळात निघाली आणि आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आतून मातीने भरलेल्या सापडल्या. त्या वह्या परत मिळण्यासारख्या नव्हत्या, म्हणूनच मी पुढील मजकूर आग्रहाने लिहीत आहे.

रॉकेल ओतल्याने समोरचे किडे मरतात आणि आगीचा धोका तेवढा वाढतो. गॅमेक्झीन म्हणून ओळखली जाणारी बीएचसी पावडर जुन्या कपाटात कोठे शिल्लक असेल तर ती वापरू नये, कारण तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. उभ्या घराला वाळवीचा बंदोबस्त कसा करावा याची पद्धत भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे, आणि काम देण्यापूर्वी तिचा गाभा आपल्याला माहीत असावा. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत, एकमेकांपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके खालच्या मातीपर्यंत पाडली जातात, प्रत्येक भोकात औषधाचे द्रावण माती पिईल तितके, जास्तीत जास्त सुमारे १ लिटर सोडले जाते आणि मग भोके बुजवली जातात. बाहेरच्या बाजूने जोत्यालगतच्या मातीतही द्रावण मुरवले जाते. चौकटीच्या पायाशी ६ मिलिमीटरची तिरकी भोके पाडून लाकडातही औषध भरतात. हेतू असा की घराखालच्या मातीत सलग पट्टा तयार व्हावा. पट्टा जेथे तुटतो तेथून वाळवी वर येते, म्हणून एका खोलीपुरते काम करून घेण्यात अर्थ नाही.

सध्या इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध यासाठी मोठ्या प्रमाणात वापरले जाते आणि त्याचे प्रमाण १ लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर असे आहे. वाळवीला त्याचा वास जाणवत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि अंगाला लागलेले औषध इतरांपर्यंत नेते, त्यामुळे परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात.

येथील घरांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. शहाबादी फरशीत भोक दगडातून न पाडता सांध्यातून पाडावे, म्हणजे फरशी तडकत नाही. बाहेरची काळी माती भेगाळलेली असेल तर आधी भेगा आणि जोत्याची फट मुरूम टाकून भरावी, नाहीतर द्रावण भेगेतून सरळ खाली निघून जाते. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. जमिनीखालचा पाण्याचा हौद, बोअर किंवा आड कोठे आहे हे काम सुरू होण्यापूर्वी कारागिराला दाखवावे आणि त्याच्या आसपास मातीत औषध सोडू देऊ नये. पिण्याचे पाणी बाधित होण्यापेक्षा त्या बाजूला पट्टा अपुरा राहिलेला आणि दर महिन्याला ती भिंत डोळ्यांनी तपासत राहिलेली बरी. भिंतीतील नळ आणि विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत हेही आधीच खडूने आखून द्यावे.

सहावी पायरी: घुण

लहान वस्तू असेल तर ती घरातून वेगळी करावी. सूप, टोपली, पाट अशा पातळ वस्तू एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून काही दिवस तापवल्यास अळ्या मरू शकतात, मात्र जाड लाकडाच्या आत तेवढी उष्णता पोहोचत नाही. जाड लाकडावरील पॉलिश खरवडून उघड्या लाकडावर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरीचे गरम पाण्यातील द्रावण दोन-तीनदा पाजावे, भोकांत ते सिरिंजने भरावे, पूर्ण वाळल्यावर भोके मेणाने बुजवून पुन्हा पॉलिश करावे. हे द्रावण पाण्यात विरघळून निघून जाते, म्हणून ते घरातील कोरड्या लाकडापुरतेच उपयोगी आहे.

घुणाला लाकडातील पिष्ट हवे असते आणि ते बाहेरच्या पांढरट भागात असते. सागाचा तपकिरी गाभा वाळवी आणि घुण या दोघांनाही बराच काळ दाद देत नाही, परंतु सागाचाच पांढरा भाग सहज खाल्ला जातो. चौकट घेताना केवळ सागवान आहे या शब्दावर न थांबता चारही बाजू पाहाव्यात आणि पांढरी कड असलेला नग परत करावा. ओट्याखालच्या कपाटांसाठी प्लायवुड घेताना आयएस ७१० हा मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेले घ्यावे.

काम देताना आणि औषध हाताळताना

कीटकनाशकांचा व्यवहार १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो, म्हणून फवारणी करणाऱ्याकडे परवाना मागणे हा आपला हक्क आहे आणि त्यात संकोच बाळगू नये. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी, औषधाचे नाव, टक्केवारी आणि एकूण किती लिटर द्रावण वापरले हे बिलावर लिहून घ्यावे. हमी दिली जात असेल तर ती पुन्हा येऊन काम करण्याची आहे की नाही हे लेखी असावे. लेबलावरील चौकोनातील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो: लाल सर्वाधिक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. कामाच्या दिवशी लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी आणि पाळीव प्राणी घराबाहेर असावेत, पिण्याचे पाणी व धान्य झाकून हलवावे आणि नंतर फरशी कोरडी होईपर्यंत व वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात. उरलेले द्रावण शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. चुकून कोणाच्या पोटात गेले तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता लेबलासह बाटली घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

नवे घर बांधणाऱ्यांनी हे काम पायाच्या वेळीच करून घ्यावे. जोत्याची भर घालून झाल्यावर, काँक्रीट पडण्यापूर्वी, प्रत्येक चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या भिंतींच्या उभ्या बाजूंना प्रत्येक चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण मुरवले जाते. त्यापूर्वी सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या आणि सिमेंटच्या कागदी पिशव्या भरावातून वेचून काढल्या आहेत का हे स्वतः उभे राहून पाहावे, कारण गाडलेले लाकूड म्हणजे घराखाली ठेवलेला चाराच असतो.

उपचारानंतर पंधरा दिवसांनी पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या प्रत्येक जागेवर परत जावे. त्यानंतर वर्षातून दोन फेऱ्या पुरतात: एक जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जेव्हा सुट्टीत घर आवरले जाते तेव्हा, आणि दुसरी मेच्या अखेरीस, जोत्याची फट सर्वांत रुंद असताना आणि मुरूम भरायला पावसाआधीचे थोडे दिवस हातात असताना.